फायबरच्या गाडीत टर्बो बसवला आणि बॉनेटला फोड आले
फायबरग्लास बॉडीच्या गाडीत टर्बोवालं इंजिन बसलं (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा, भयंकर तापणारा पंखा), इंजिन धरणारे माउंट जुळले, पण पहिल्याच लांब फेरीनंतर बघतो तर टर्बोच्या बरोबर वर बॉनेटच्या पेंटला फोड. पत्रा उष्णता पसरवतो, फायबर एकाच जागी तापत राहतं आणि त्यातलं रेझिन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं प्लास्टिक, मऊ पडतं. आधी नुसती फॉइल चिकटवली, काही उपयोग नाही. मग टर्बोला उष्णता अडवणारं ब्लँकेट, डाउनपाइपला (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) तसलीच पट्टी गुंडाळून रॅप आणि बॉनेटला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा, पण स्पेसर टाकून १२ मिमी गॅप ठेवून, कारण खरं काम ती मधली हवाच करते. अजून एक, फायबरमधून करंट जात नाही हे माहीत असून बॉडीलाच अर्थची (निगेटिव्हची) वायर जोडली आणि सेन्सरच बिघडलाय समजून अर्धा दिवस त्याला शिव्या घातल्या, शेवटी इंजिनपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जाड वायर नेली. टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणारा ऑइल रिटर्नचा पाइप मात्र उतरताच ठेवा, तिथं जुगाड नको.