पुंगळी डायमध्ये अडकते ती अशी : रिसाइझिंगच्या या चुका टाळा

"डाय खराब लागली हो, बदलून मिळेल का?" रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, घरी रिसाइझ करायला, म्हणजे मूळ मापावर आणायला घेतलेला नवा माणूस आठवड्याभरात हे विचारतो. मी इतकंच विचारतो, "वंगण काय लावलंत?" पुढे बराच वेळ शांतता असते.

तुमच्या परवान्यात घरी काडतूस भरायची मुभा आहे, हे धरूनच पुढचं लिहितोय. नसेल तर प्रेस (हँडलने पुंगळी डायमध्ये दाबणारं यंत्र) विकत घेणं हीच पहिली चूक.

गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतींना चिकटते, दाब उतरला की थोडी आत येते, पण पूर्वीच्या मापावर येत नाही. डाय तिला दाबून त्या मापावर आणते. म्हणजे तुम्ही पोलादाच्या नळीत पितळ ठोसताय. मधे वंगणाचा थर नसेल तर पितळ पोलादाला धरून बसणारच.

वंगणाच्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. सुरुवातीच्या दिवसांत स्प्रेचं वंगण आणलं. त्यातलं द्रावक उडून जायला काही मिनिटं लागतात, खरं वंगण त्यानंतर पृष्ठभागावर उरतं. डब्यावर तसं लिहिलंही होतं. पण मला शंभर पुंगळ्या रात्रीच्या जेवणाआधी संपवायच्या होत्या. ट्रेमध्ये उभ्या करून एकाच बाजूने फवारलं आणि ओल्याच प्रेसवर घेतल्या. सहा निघाल्या. सातवीला हँडल अर्ध्यात जड झालं. तिथे थांबायला हवं होतं. मी अंगाचा भार टाकला. पुंगळी पूर्ण आत गेली आणि तिथेच राहिली. मग हँडल उलटं खेचलं, तर शेलहोल्डरने, म्हणजे प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेने, बुडाची रिम फाडून हातात दिली.

यावर माझी अक्कल अशी चालली की वरून खिळा घालून हातोडीने ठोकावं. त्याने डीकॅपिंगची, म्हणजे बुडातला जुना प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) काढायची, पिन वाकली, पुंगळीचं तोंड आतून रुंद करणाऱ्या एक्स्पांडरच्या मण्यावर ओरखडे आले आणि पुंगळी केसभरही हलली नाही. खरा उपाय असा : डीकॅपिंगचा दांडा जमेल तितका वर काढून घ्यायचा, म्हणजे ड्रिल त्याला लागत नाही. पुंगळीच्या बुडाला प्रायमरच्या जागी ड्रिल मारायचं, पाव इंची, वीस आट्यांचा टॅप फिरवायचा, वर पोकळ कप ठेवून बोल्ट आवळत जायचा. ठोकाठोक न करता पुंगळी सरळ बाहेर येते. हे काढण्याचं तयार किट मिळतं. ते अडकायच्या आधी घेऊन ठेवा, कारण पुंगळी नेहमी दुकान बंद असतानाच अडकते.

तेव्हापासून मी स्प्रे वापरत नाही. वाईट असतो म्हणून नव्हे, माझ्यात तेवढा धीर नाही म्हणून. मी डबीतलं मेण वापरतो. बोटाला लागेल न लागेल इतकं घ्यायचं, पुंगळी बोटं-अंगठ्यात फिरवत बुडापासून खांद्याच्या, म्हणजे गोळी धरणाऱ्या मानेकडे पुंगळी निमुळती होते त्या भागाच्या, खालपर्यंत चोळायचं. खांद्याला लावायचं नाही. दर तिसऱ्या-चौथ्या पुंगळीच्या मानेत आतून ब्रशने थोडंसं. नव्या डायला आधी कारखान्याचं तेल असतं, ते पुसून पहिल्या पुंगळीला जरा जास्त लावायचं. आणि हात जड वाटला की लगेच मागे. पुंगळी काढा, पुन्हा चोळा, मग घाला.

जास्त लावलं म्हणून जास्त भलं होतं असंही नाही. साठलेल्या वंगणाला डायमध्ये जायला वाट नसते आणि ते दबतही नाही, मग खांद्यावर पोचे पडतात. उथळ पोचे पुढच्या वेळी गोळी सुटताना निघून जातात, तीक्ष्ण कडेचा पोचा असला तर पुंगळी भंगारात. डायला हवा जायचं भोक असेल तर ते तुंबलंय का तेही बघा.

कार्बाइडच्या डायला वंगण लागत नाही, हे पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांबद्दल खरं आहे. मान आवळलेल्या रायफलच्या पुंगळीला कार्बाइड असली तरी वंगण लागतंच. यावर वाद घालायचा असेल तर वरचं किट आधी मागवा.

दुसरी चूक अशी आवाज करत नाही, म्हणून ती मला जास्त भिववते. डायबरोबरच्या कागदावर असतं : शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी पाव फेरा. लोक हे मंत्रासारखं पाळतात. जरा हिशेब करा. या डायला सहसा इंचाला चौदा आटे असतात, म्हणजे पाव फेऱ्यात ती सुमारे ०.०१८ इंच खाली येते. त्यातलं काही प्रेसच्या ताणात जातं हे खरं, पण हाताने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) ओढायच्या रायफलला खांदा मागे सरकायला हवा असतो ०.००१ ते ०.००२ इंच. स्वयंचलित लोडिंगवाल्या रायफलला ०.००३ ते ०.००४. दोन हजारांश इंचासाठी डाय फक्त दहा अंश फिरवावी लागते, घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो त्याहूनही कमी.

खांदा फार मागे गेला तर काडतूस चेंबरमध्ये अगदी सुरेख बसतं. म्हणून तर कळत नाही. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला धरून राहतो आणि बूड मागे बोल्टवर जाऊन आपटतं. मधलं पितळ ताणतं, बुडाच्या जरा वर पातळ होतं. एका मित्राच्या रायफलमधून चौथ्या वापराला नुसतं बूड बाहेर आलं, उरलेली पुंगळी चेंबरमध्येच. गडी माझ्याकडे आला तो डाय घेऊन, दोष अर्थातच तिचा. त्याच घाण्यातली एक पुंगळी आम्ही करवतीने उभी चिरली. बुडाच्या वर आतून गोल चर, नखाला लागेल एवढी खोल. सगळा घाणा पक्कडीने चेपून टाकला. त्याला वाईट वाटलं, मला नाही. तशीच फुटून गरम वायू मागे तोंडाकडे येऊ शकतो.

म्हणून मी पेपरक्लिपचं टोक वाकवून प्रत्येक पुंगळीत आतून वर-खाली फिरवतो. चर टोकाला अडते. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसलं तर तपासायचीही गरज नाही, फेका. आणि डाय लावताना कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप घ्यायचं जोडसाधन) जोडून आपल्याच रायफलमधून सुटलेली पुंगळी खांद्यापर्यंत मोजतो, प्रायमर काढून, नाहीतर वर आलेला प्रायमर माप बिघडवतो.

इथे नवखे एका गोष्टीने गोंधळतात. डाय थोडी थोडी खाली घेत गेलं की खांद्याचं माप आधी वाढतं. अंग आवळलं गेल्याने पितळ पुढे सरकतं, खांद्याला डाय लागली की मग माप उतरू लागतं. वाढलेलं माप बघून डाय उलटी फिरवू नका, अजून जरा खाली घ्या. माप कधी कमी कधी जास्त येत असेल तर बहुधा पितळ कडक झालंय, दाबल्यावर परत उसळतंय. मान आणि खांदा तापवून मऊ करावे लागतात. बूड कधीच तापवायचं नाही. रॅम (पुंगळी वर ढकलणारा प्रेसचा दांडा) वर गेल्यावर क्षणभर थांबायची सवयही लावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. न धुतलेली पुंगळी डायमध्ये घालू नका, वाळूचा एक कण डायला ओरखडतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तीच रेघ उमटते. हँडल परत वर जाताना किंचाळलं तर मान आतून कोरडी आहे, एक्स्पांडर खांदा पुढे ओढतोय. डीकॅपिंगची पिन मोडली तर टॉर्चने आत बघा : मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन असतील तर ती बर्डन पुंगळी आहे, या पिनसाठी नाहीच. लांबी कापायची ती रिसाइझ केल्यानंतर, आधी नाही. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी २.०१५ इंच, मी २.००५ वर आणतो.

पुंगळ्या चमकवायला अमोनियावालं पॉलिश वापरणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात साठलेला ताण. रिसाइझ करून तुम्ही तोच ताण पितळात भरता.

शेवटी वंगण पुसा. तेलकट काडतूस चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा भार बोल्टवर जातो. मी रिसाइझ झाल्यावर पुंगळ्या पुन्हा टंबलरमध्ये (दाण्यांत घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात) टाकतो आणि भरायच्या आधी प्रत्येकीचं प्रायमरचं भोक बघतो, टंबलरमधला एखादा दाणा तिथे हमखास अडकलेला असतो.