गाडीची किल्ली खुंटीवरच राहावी म्हणून

आमच्या दाराशेजारी एक खुंटी आहे, तिला स्कूटरची किल्ली टांगलेली असते. सायकल कितीही चांगली असो, तिची खरी शर्यत त्या किल्लीशी असते. कोथिंबीर आणायला निघालोय, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय, कुलूप कुठे ठेवलं ते आठवत नाही, एवढं झालं की हात आपोआप खुंटीकडे जातो. महिनाभराने सायकल बाल्कनीत आणि तिच्या हँडलवर वाळत घातलेला टॉवेल. म्हणून सायकल रोजच्या वापरात ठेवण्याची ही यादी मी सायकलच्या भागांप्रमाणे न लावता निमित्तांप्रमाणे लावली आहे. घरातून निघायला दोन मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर ती सायकल अजून रोजची झालेली नाही, असं मी धरतो.

आधी सायकल कुठली, ते. नाशिकला सायकलवाल्यांची वानवा नाही. इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. पहाटे गंगापूर रोडला धरणाच्या दिशेने निघालेल्या सायकली मोजायला बसलात तर हातातला चहा गार होईल. कौतुक आहेच, पण त्या सायकली बघून भाजीची सायकल घेऊ नका. बारीक टायर, वाकून धरायचं हँडल आणि कॅरियर बसवायला फ्रेमवर एकही भोक नाही, अशी सायकल मेनरोडला काय कामाची? दुकानात मागच्या ॲक्सलच्या जरा वर आटे पाडलेली छोटी भोकं आहेत का, ते बोटाने चाचपून बघा. ती असली की मडगार्ड आणि कॅरियर ठाकठीक बसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची धूळ खात पडलेली असेल तर तीही चालेल. फक्त फ्रेमला तडा नको आणि सीटचा पाइप गंजून अडकलेला नको. बाकी सगळं बदलता येतं.

गिअर हवेत का, हे तुम्ही कुठे राहता त्यावर. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असं जुने लोक म्हणतात आणि ते टेक पोटऱ्यांना बरोबर कळतात. गोदाघाटावरून भरलेल्या पिशव्या घेऊन रविवार कारंजाकडे चढून बघा. सिडको-इंदिरानगरच्या आतल्या आत फिरायचं असेल तर बिनगिअरची पुरते, आणि तिची कटकटही निम्मी. जुन्या नाशकात रोजची ये-जा असेल तर मागे सहा-सात गिअर असलेली घ्या. पुढच्या तीन चकत्यांची मला कधीच गरज पडली नाही. बिनगिअरचीच आवडत असेल तर मागचं फ्रीव्हील दोन-चार दाते जास्त असलेलं बसवून घ्या. सपाटीवर वेग थोडा जातो, पण चढावर उतरून ढकलावी लागत नाही.

सीटची उंची हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि निम्मे लोक तो करत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेले माझ्या ओळखीतच तीन जण आहेत, तिघांचीही सीट खाली. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. चौकात दर मिनिटाला पाय टेकवायचा असेल तर यापेक्षा बोटभर खाली घेतली तरी चालेल, वीतभर नाही. सीटच्या पाइपवर एक रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

आता कायम बसवून टाकायच्या वस्तू. कायम या शब्दावर जोर आहे. काढ-घाल करायची प्रत्येक वस्तू एक दिवस घरी राहते. दोन्ही मडगार्ड, मागचं कॅरियर, दोन पायांचा स्टँड, चेनकव्हर, घंटी. एका पायाचा स्टँड दिसायला सुटसुटीत, पण दहा किलो गहू लादलेली सायकल त्यावर उभी राहत नाही, कलंडते. कुलूप यू आकाराचं, फ्रेमवरच अडकवलेलं. पातळ वायरचं कुलूप साध्या कटरने तुटतं. यू कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालायचं. पुढचं चाक खटक्याने सुटणारं असेल तर तिथे नट बसवून घ्या. पायडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी नंबर कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवा.

दिव्यांचं एक सांगायला हवं, कारण त्यात मी फसलो आहे. मागचा लाल दिवा मी हौसेने सीटच्या पाइपला लावला होता. दोन महिने सातपूरहून अंधारात येत होतो आणि मनात अगदी निर्धास्त. एकदा मुलगी मागून स्कूटरवर आली आणि घरी आल्यावर म्हणाली, “बाबा, तुमचा दिवा बंदच असतो.” दिवा चालूच होता, कॅरियरवरच्या डब्याच्या पिशवीने तो झाकला जात होता. तेव्हापासून दिवा कॅरियरच्या शेवटच्या टोकाला. पुढचा पांढरा दिवा रस्त्याकडे जरा झुकवलेला असावा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. चार्जिंगचा वार ठरवून टाका. आमच्याकडे तो गुरुवार आहे, का ते विचारू नका.

सामान हँडलला लटकवू नका. पिशवी झुलते, पुढच्या चाकाच्या तारांत जाते आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या सगळ्यात चांगल्या, वजन जितकं खाली तितकी सायकल शांत. त्या महाग वाटत असतील तर कॅरियरवर प्लास्टिकचा क्रेट पक्का बांधा आणि वर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावा. दूधवाल्यांनी सिद्ध केलेली गोष्ट आहे ही. बुधवारच्या बाजारातून येताना बटाटे तळाशी, मेथी वर, टोमॅटो पाठीवरच्या पिशवीत, हा माझा अनुभव.

आता हवा. रोजच्या सायकलीच्या अर्ध्याअधिक तक्रारी हवेशीच येऊन थांबतात, म्हणून इथे जरा वेळ देतो. घरात उभा पंप पाहिजे, काटा असलेला. तो दाराशीच ठेवा, माळ्यावर नाही. व्हॉल्व्ह तीन प्रकारचे दिसतात: जुन्या काळ्या सायकलींचा आत रबरी नळी असलेला, नव्यांचा मोटारसायकलसारखा जाड आणि महागड्यांचा बारीक पितळी. पंप आपल्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे घेतानाच बघा. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. माझा टायर २६ × १.९५ चा आहे, त्यात मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय भरतो. सामान मागे असतं, म्हणून मागे जास्त. पेट्रोल पंपावर भरलीत तर आकडा आधी सांगा, तिथला दाब मोटारींचा असतो आणि सायकलचा टायर काही सेकंदांत भरतो. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात की ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली तर काट्याला दोष देऊ नका.

पण काटे आहेतच. मखमलाबादकडच्या मळ्यांच्या रस्त्यांवर बाभळीचा काटा आणि शहरात काच. पावसाळ्यात पंक्चर वाढतात, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काटा टायरमध्येच राहिलेला असतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. घाईत हे विसरून मी एका संध्याकाळी लागोपाठ दोन ट्यूबा घालवल्या आहेत. ट्यूब-टायर विकत घेताना मापाचा घोळ होतो. जुन्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर आणि नव्या ७००सीचा टायर दिसायला भाऊभाऊ, पण एकाची रिम ६३५ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ६२२ ची. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर ४०-६३५ असा जोड आकडा असतो, दुकानात तोच दाखवा.

चेन. तेल घालायचं तर सगळेच घालतात, पुसत कुणी नाही. आधी जुन्या बनियनने चेन कोरडी पुसा. मग खालच्या बाजूने, आतल्या अंगाला, एकेका कडीवर एक थेंब टाकत पायडल उलटं फिरवा. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढा. तेलाचं काम कडीच्या आत असतं, बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि तीच धूळ चेन कापते. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत चालतं, पावसात दोन दिवसांत धुऊन जातं, तेव्हा जाडसर हवं. खोबरेल तेल घालणारे एक काका मला भेटले होते. डिसेंबरातल्या पहाटे ते तेल थिजलं आणि चेनची चिक्की झाली.

चेन झिजली का ते टेपने कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर पाहिजे. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर मागचे दातेही गेलेले असतात, दोन्हींचा खर्च.

ब्रेक लिव्हर पूर्ण दाबला तरी मुठीला टेकता कामा नये. रिमला दाबणाऱ्या रबरी ब्रेक शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की शू बदला, रिमवर धातू घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबू नका. पावसात रिमचे ब्रेक पहिल्या क्षणी पकडतच नाहीत, म्हणून चौक यायच्या बऱ्याच आधी हलकेच दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं. डिस्क ब्रेक असतील तर चेनला तेल घालताना डिस्कवर जुनं कापड टाका. डिस्कवर तेल पडलं की पॅड फेकण्याजोगे होतात.

रविवारी सकाळी दहा मिनिटं पुरतात. हवा. दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेकला एका बाजूला घासत असेल तर चाक आउट झालंय, दुकानात नेऊन आउट काढून घ्या. तारा बोटांनी छेडा, एखादीचा आवाज बद्द आला तर ती सैल. मग सायकल चार बोटं उचलून सोडा आणि काय खडखडतं ते ऐका. नवी सायकल महिन्याभराने एकदा दुकानात न्यायचीच, ब्रेकच्या वायरी आणि तारा पहिल्या महिन्यात सैलावतात. पायडल स्वतः बदलणार असाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून आटे खराब करणारे तुम्ही पहिले नसाल.

मोठ्या कामांना दोन मुहूर्त. मृगाच्या आधी ब्रेक शू, टायर आणि पुढच्या मडगार्डला खाली रबरी पट्टी, नाहीतर चपलेवर चिखल. आणि पावसाळा उरकल्यावर, खंडेनवमीच्या आत, ओव्हरऑइलिंग. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही हेच म्हणतात, आणि कामाचं वर्णन म्हणून तो वाईटही नाही. दोन्ही चाकांचे हब आणि पायडलचा दांडा खोलून छर्रे धुऊन नवीन ग्रीस. दसऱ्याला झेंडू लावायचा तर आतून स्वच्छ सायकलला लावावा. धुताना बादली आणि फडकं पुरे. गाड्या धुण्याच्या फवाऱ्याने मारलीत तर पाणी आत घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं.

रस्त्याची तयारी रविवारीच करा, मोकळ्या वेळेत. स्कूटरचा रस्ता तो सायकलचा रस्ता नव्हे. द्वारका चौक टाळता येत असेल तर दीड किलोमीटरचा वळसा मी आनंदाने घेतो. सातपूर-अंबडला शिफ्ट सुटण्याच्या वेळी दहा मिनिटं मागे-पुढे करा. उभ्या रिक्षा आणि मोटारींपासून हातभर लांब राहा, दार कधीही उघडतं. हेल्मेट घाला, हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकंच सैल. पँटचा उजवा पाय मोज्यात. पावसात रेनकोटची पँट चेनमध्ये अडकते, तिलाही रबर लावा.

शेवटी सीटखालची पिशवी. त्यात आपल्या मापाची एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरची ठिगळं आणि सोल्युशन, ॲलन कीचा जुडगा, ॲक्सलच्या मापाचा पान्हा. छोटा पंप मात्र फ्रेमला अडकवलेला. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत वाळते, ती खंडेनवमीला बदलून टाका. आणि तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, शंभराची एक नोट. पंक्चरवाले आता स्कॅनर लावतात, पण फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपलेली असते.