टिपणांतली उचल निबंधात जाऊ नये म्हणून

महिन्यांपूर्वी पीडीएफमधून टिपणांत चिकटवलेलं वाक्य पुढे आपलंच वाटू लागतं, निबंधात जातं, आणि जर्नलकडून वाङ्मयचौर्याची विचारणा येते. यावर सोपा उपाय म्हणजे रंग.

१. कॉपी केलेला मजकूर चिकटवताक्षणी लाल करा, अवतरणचिन्हांत टाका, पुढे लेखक, वर्ष, पान लिहा. 'नंतर लिहू' म्हटलं की ते राहतंच.

२. लाल मजकूर मसुद्यात आणताना एकतर अवतरण म्हणूनच आणा, नाहीतर मूळ लेख बंद करून मुद्दा स्वतःच्या वाक्यांत मांडा आणि मगच लेख उघडून पडताळा. मूळ समोर ठेवून लिहिलं की शब्द तेवढे बदलतात, सांगाडा तोच राहतो, तीही उचलच. संदर्भ दोन्ही वेळा द्यायचा.

३. स्वतःच्या जुन्या निबंधातला परिच्छेदही लाल करा. हे अनेकांना पटत नाही, पण संपादक विचारतात.

समानता अहवाल (मजकूर इतर स्रोतांशी किती जुळतो ते दाखवणारा सॉफ्टवेअरचा अहवाल) आला की एकूण टक्क्यांवर अडकू नका. संदर्भसूची वगळा आणि एकाच स्रोताशी सलग जुळणारे भाग पाहा. कार्यपद्धतीतले ठरीव शब्दप्रयोग थोडेफार जुळणारच.

एक सावधगिरी: मसुदा आधी स्वतः तपासणार असाल, तर तो सॉफ्टवेअरच्या साठ्यात जतन न करण्याचा पर्याय निवडा. नाहीतर जर्नलच्या तपासणीत तुमचा निबंध त्या मसुद्याशीच जुळलेला दिसू शकतो.