मीटर वाजला तरी थांबा: उपग्रहाच्या हार्नेसमध्ये या चुका टाळा

उपग्रहाच्या हार्नेसची, म्हणजे वायरी आणि कनेक्टरच्या जुडग्याची, कंटिन्युइटी (वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते का) तपासताना मीटर वाजला की जोडणी पक्की, असं धरून चालू नका. वायरीतल्या १९ बारीक तारांपैकी (स्ट्रँड) दोनच टेकलेल्या असल्या तरी मीटर वाजतोच. हार्नेसमधल्या बऱ्याच चुका बेंचवर गप्प असतात. त्या कंपन चाचणीत किंवा थर्मल व्हॅक्युममध्ये (निर्वातात गरम-थंड करण्याच्या चाचणीत) बोलतात आणि तोवर उपकरणाची पेटी बंद झालेली असते.

सुरुवात वायर सोलण्यापासून होते. २२ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा नंबर) नेहमीच्या वायरीत १९ स्ट्रँड असतात. स्ट्रिपरचं भोक एक नंबर लहान निवडलं की बाहेरच्या स्ट्रँडवर चीर पडते आणि कंपनात तिथूनच तुटायला सुरुवात होते. हाताने माप बदलायचा स्ट्रिपर इथे नकोच. ठरावीक मापाची डाय किंवा थर्मल स्ट्रिपर घ्या. सोललेलं टोक भिंगाखाली गोल फिरवून बघा. चीर दिसली तर टोक कापा आणि पुन्हा सोला. सुटलेले स्ट्रँड उघड्या बोटांनी पिळू नका. चांदीचा मुलामा खरवडला गेला आणि ओल शिरली की आतलं तांबं गंजत जातं. यालाच 'रेड प्लेग' म्हणतात.

क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे वायरीचं टोक कॉन्टॅक्टच्या (कनेक्टरच्या धातूच्या पिनच्या) नळीत दाबून बसवताना, नेहमीची चूक म्हणजे टूलचा दाब ठरवणारा सिलेक्टर मागच्या कामाच्याच नंबरवर राहणं. आधी टूलचं माप बरोबर आहे का ते दाखवणारं गो/नो-गो गेज लावा. मग तीच वायर, तोच कॉन्टॅक्ट आणि तेच टूल वापरून नमुने करा आणि ओढून तोडा. २२ गेजच्या मुलामा दिलेल्या तांब्याच्या वायरीने किमान १२ पाउंड, म्हणजे साधारण ५३ न्यूटन ताण सोसायला हवा. आकड्याइतकंच तुटण्याचं ठिकाणही बघा. वायर अखंड सटकून बाहेर आली तर दाब कमी पडला. कमी ताणात दाबाच्या खुणेपाशीच तुटली तर दाब जास्त झाला किंवा सोलतानाच चीर पडली होती. कॉन्टॅक्टच्या तपासणीच्या भोकातून स्ट्रँड दिसलेच पाहिजेत. इन्सुलेशन आणि बॅरलमधलं (कॉन्टॅक्टच्या नळीमधलं) अंतर ०.२५ ते ०.७५ मिमी ठेवा. सोल्डर लावलेलं टोक क्रिम्प करू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि पकड सैल होते.

सगळ्यात फसवी चूक याच्या पुढची: कनेक्टरमध्ये अर्धवट बसलेला कॉन्टॅक्ट. 'टिक' जाणवली म्हणून लॉक झाला असं नसतं, कधीकधी ती कॉन्टॅक्ट आत घालायच्या टूलची असते. असा पिन कनेक्टर जोडताना (मेट करताना) पुरेसा पुढे राहतो, मीटरही वाजतो. कंपनात तो मागे सरकतो. म्हणून प्रत्येक कॉन्टॅक्ट घातल्यावर वायर हलकेच मागे ओढा. मग समोरून, डोळा पृष्ठभागाच्या रेषेत आणून, सगळ्या पिनांची उंची बघा. एखादा खाली असेल तर रिटेन्शन टूलने (लॉक पक्कं आहे का ते तपासायच्या टूलने) ठरलेला जोर लावा. जोराने ढकलून तो 'बसवू' नका. आतली क्लिप वाकली असेल तर काम तिथेच थांबवा.

कनेक्टर अदलाबदल ही किरकोळ चूक वाटते. नोव्हेंबर २०२० मध्ये वेगा रॉकेटच्या वरच्या टप्प्यात नोझल वळवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यात स्पेन आणि फ्रान्सचा एकेक उपग्रह गेला. एकसारखे दोन कनेक्टर शेजारी असतील तर वेगळं कीइंग (चुकीची जोडी बसूच न देणारी खाच) मागा, लेबलवर विसंबू नका. लांबीही अशी ठेवा की चुकीच्या जागी केबल पोचूच नये.

अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा रिस्ट स्ट्रॅप (मनगटी पट्टा) बाहीवर चढवला असेल तर तो नसल्यासारखाच, कातडीला टेकायला हवा. माणसाला स्थिर विजेचा झटका जाणवतो साधारण ३,००० व्होल्टला. काही इलेक्ट्रॉनिक भाग मात्र १०० व्होल्टच्या आतच जातात.

थर्मल व्हॅक्युमच्या थंड टप्प्यात ओपन (तुटलेली जोडणी) आला आणि तापमान वाढल्यावर गेला, तर पहिला हात त्या कनेक्टरला लावू नका. तो एकदा काढून पुन्हा लावला की दोष दबतो आणि पुरावा जातो. आधी फोटो घ्या, स्क्रूचा टॉर्क-मार्क (घट्ट केल्यावर काढलेली खूण) बघा, दूरच्या टोकाकडून रेझिस्टन्स मोजा. ती मोजणी चालू ठेवून वायरिंग कनेक्टरच्या मागे हलकेच हलवा. आकडा उडाला तर संशय क्रिम्प किंवा लॉकवर. मेट-डीमेट नोंदवही (कनेक्टर किती वेळा जोडला-काढला त्याची) उघडायची वेळ त्यानंतरची.