लांब शोधनिबंधाची तयारी: आधी प्रश्न लहान करा

पहिलं काम विषय ठरवण्याचं नाही, विषयाचा प्रश्न करण्याचं आहे. ‘कॉलरा’ हा विषय झाला. त्यावर लिहायला बसलात तर पुस्तकातलीच माहिती पुन्हा उतरवून काढाल. ‘१८५४ साली लंडनच्या सोहो भागातली साथ ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढल्यामुळे कितपत आटोक्यात आली?’ हा प्रश्न झाला. दांडा ८ सप्टेंबरला काढला, पण मृत्यू त्याआधीच कमी होऊ लागले होते आणि बरेच लोक घरं सोडून गेले होते. हे खुद्द जॉन स्नो यांनीच, म्हणजे त्या साथीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनीच, लिहून ठेवलंय. म्हणजे इथे पुरावा दोन्ही बाजूंनी आहे आणि निवाडा तुम्हाला करायचाय. उत्तर आधीच ठरलेलं असेल किंवा आयुष्यभर लिहूनही पुरणार नसेल, तर प्रश्न बदला. यात दोन-तीन आठवडे गेले तरी खुशाल जाऊ द्या. माझ्या मते सगळ्या कामात सत्कारणी लागणारा वेळ हाच.

प्रश्न पक्का करण्याआधी साधनं खरोखर हाताशी येतात का, ते पाहा. त्या काळातलं निदान एक मूळ साधन हवं. वरच्या उदाहरणात स्नो यांचं १८५५ चं पुस्तक आहे. त्याच्याशी न पटणारा एखादा अभ्यासकही शोधा, नाहीतर निबंधात वाद उभाच राहत नाही.

टिपणाच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे पुस्तक आणि पान क्रमांक त्याच वेळी लिहा. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, तुमचे त्याबाहेर. महिन्याभराने कुठलं वाक्य कोणाचं, हे तुम्हालाही ओळखू येणार नाही, आणि उचलेगिरीचे बरेचसे आरोप अशा गोंधळातूनच येतात.

शब्दमर्यादा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवा. आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यातल्या विस्तृत निबंधाला ती ४००० शब्दांची आहे. त्यात संदर्भसूची मोजत नाहीत, पण मर्यादेपलीकडचा मजकूर परीक्षक वाचत नाही. म्हणजे निबंध लांबला की गळतो तो नेमका निष्कर्ष. आराखड्यात प्रत्येक भागापुढे शब्दांचा अंदाज मांडून ठेवा.

वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून मागे आखा. मधल्या परीक्षांचे आठवडे सरळ खोडून टाका.

मार्गदर्शकांचा वेळ मोजका असतो. आयबीत तो एकूण तीन ते पाच तासांचा धरलेला आहे. भेटीला जाताना ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारू नका. अडलेले दोन मुद्दे लिहून न्या. पूर्ण मसुद्यावर ते एकदाच अभिप्राय देतात. त्यामुळे निष्कर्ष लिहून झाल्याशिवाय, आणि चार दिवस बाजूला ठेवून स्वतः एकदा मोठ्याने वाचल्याशिवाय, मसुदा त्यांच्या हाती देऊ नका.