पायथनमधून सी बोलावलं आणि प्रोग्रॅम आडवा झाला, आता शोधायचं कुठून?

पायथन एकटं असताना काही चुकलं तर निदान ट्रेसबॅक मिळतो, कुठल्या फाइलची कितवी ओळ ते कळतं. त्याच पायथनमधून सीची लायब्ररी बोलावली, मग ती सीटाइप्सने (सी लायब्ररी थेट बोलवायचं पायथनचंच मोड्यूल) असो किंवा सीमध्ये स्वतः लिहिलेलं एक्स्टेन्शन असो, की टर्मिनलवर नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतं आणि खेळ खलास. ट्राय-एक्सेप्ट लावून उपयोग नाही कारण हे एक्सेप्शन नाहीच, ऑपरेटिंग सिस्टीमने सिग्नल पाठवून अख्खी प्रोसेस संपवलीये. खालचं सगळं लिनक्स धरून लिहिलंय, विंडोजवर टूल्स वेगळी पण विचार तोच.

पहिली गोष्ट, सिग्नल कुठला ते बघा. हे बघायचं सोडून बरेचजण थेट प्रिंट टाकत बसतात. क्रॅश झाल्याझाल्या शेलमध्ये 'एको $?' मारा. १३९ आलं तर ते १२८ अधिक ११, म्हणजे सिगसेगव्ही, नको त्या मेमरीला हात लागलाय. १३४ आलं तर १२८ अधिक ६, सिगअबॉर्ट, म्हणजे आतल्या कोणीतरी जाणूनबुजून गाडी थांबवलीये: जीलिबसीला (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) हीप, म्हणजे मॅलॉकने मेमरी मिळते तो भाग, बिघडलेला दिसला असेल, सी++ चं एक्सेप्शन कोणी पकडलं नसेल, किंवा पायथननेच फेटल एरर दिली असेल. अशा वेळी वरच्या दोन-चार ओळी नीट वाचा, कारण बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. आणि १३७ असेल तर ते सिगकिल, बऱ्याचदा रॅम संपली म्हणून कर्नलने मारलंय, डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा आणि हा लेख बाजूला ठेवा. पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवत असाल तर हेच आकडे -११, -६ असे दिसतील.

आता पायथनच्या बाजूचा स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी, काढायचा. ३.३ पासून फॉल्टहँडलर पायथनसोबतच येतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही:

पायथन३ -एक्स फॉल्टहँडलर स्क्रिप्ट.पाय

आता क्रॅश होताना पायथनच्या कुठल्या ओळीवर होतो ते छापून मगच मरेल. एक लक्षात ठेवा, नेहमीच्या ट्रेसबॅकमध्ये सगळ्यात शेवटचा कॉल खाली असतो, इथे तो सगळ्यात वर असतो, घाईत उलटं वाचलं जातं. सर्व्हरवर कमांड बदलता येत नसेल तर पायथनफॉल्टहँडलर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा.

सीच्या बाजूसाठी जीडीबी हा डीबगर. 'जीडीबी --आर्ग्ज पायथन३ स्क्रिप्ट.पाय', मग 'रन', पडलं की 'बीटी', तो स्टॅक छापतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर तुमची लायब्ररी डीबग सिम्बॉलशिवाय बनलीये, -जी आणि -ओ० देऊन परत कंपाइल करा, त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पायथनची जीडीबी स्क्रिप्ट लोड झाली असेल तर 'पाय-बीटी' पण चालतं, म्हणजे दोन्ही भाषांचा स्टॅक एकाच जागी. थ्रेड असतील तर 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' मारा, कारण पडणारा थ्रेड एक आणि गुन्हेगार दुसराच असं सर्रास होतं. क्रॅश रोज होत नसेल तर 'यूलिमिट -सी अनलिमिटेड' करून कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची फाइल) पडू द्या, सिस्टमडी असलेल्या बऱ्याच मशीनवर तो नंतर 'कोअरडंपसीटीएल जीडीबी' ने उघडता येतो.

सीमध्ये प्रिंटएफ टाकणाऱ्यांसाठी: स्टँडर्ड आउटपुट बफर होतं, क्रॅश झाला की बफरमधलं गेलं, आणि तुम्हाला वाटतं की कोड त्या ओळीपर्यंत पोचलाच नाही. स्टँडर्ड एररवर छापा. आणि प्रिंट टाकल्यावर क्रॅश गायब झाला तर आनंद मानू नका, मेमरीची मांडणी जराशी हलली एवढंच झालं, बग आहे तिथेच आहे.

स्टॅक मिळाला म्हणजे बग मिळाला असं पण नाही. स्टॅक सांगतो प्रोग्रॅम कुठे पडला, बिघडला कुठे ते नाही. मॅलॉक किंवा फ्रीच्या आत पडलेलं दिसलं तर तिथे खोदत बसू नका, हीप आधीच कोणीतरी खराब केलाय. म्हणून मी सरळ दोन भाषा भेटतात त्या जागेवर जातो, म्हणजे प्रत्येक कॉल, आणि तीन गोष्टी विचारतो: टाइप जुळतो का, मेमरीचा मालक कोण, आणि गिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) कोणाकडे आहे.

टाइपचं आधी बघू कारण सीटाइप्समध्ये सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. फंक्शनचा रिटर्न टाइप सांगितला नाही तर सीटाइप्स तो इंट धरतं. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा, मग अर्धा पॉइंटर कापला जातो. कॉल व्यवस्थित होतो, एरर नाही काही नाही, आणि तो पॉइंटर पुढच्या फंक्शनला दिला की धाडकन पडतं, म्हणजे दोष पहिल्या कॉलचा आणि पडतं दुसऱ्यात. उपाय दोन ओळींचा:

लिब.उघडा.रेसटाइप = सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी
लिब.वाचा.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी, सीटाइप्स.सी_इंट]

दोन्ही ओळी हव्यात, कारण आर्गटाइप्स नसेल तर पायथनचा साधा आकडा सीकडे जाताना पण इंट म्हणूनच जातो. जीडीबीमध्ये हे ओळखता येतं: खरा पत्ता साधारण १२ हेक्स अंकांचा असतो, कापलेला ८ अंकांचा दिसतो किंवा पुढे सगळे एफ एफ एफ लागलेले असतात. तसं दिसलं की समजून जा. माझं तर मत आहे की सीटाइप्सचं एकही फंक्शन या दोन ओळींशिवाय वापरू नये, 'आत्ता चालतंय ना' हे उत्तर नाही. याच गटातलं अजून एक, लाँग हा टाइप ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट आणि विंडोजवर ४ बाइट, तेव्हा स्ट्रक्चरमध्ये इंट३२, इंट६४ असे पक्के टाइप घ्या. आणि पायथनचे बाइट्स सीला लिहायला देऊ नका, ते न बदलणारे असतात, त्यासाठी क्रिएट_स्ट्रिंग_बफर आहे.

मालकीचं प्रकरण जास्त त्रासदायक, कारण क्रॅश कधी होतो कधी नाही. नेहमीचं उदाहरण कॉलबॅकचं. सीफंकटाइपने पायथनचं फंक्शन गुंडाळून सी लायब्ररीला दिलं आणि ते ऑब्जेक्ट कुठल्याही व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं नाही, की पायथन म्हणतं हे कोणालाच नकोय आणि टाकून देतं. सीकडे मात्र जुना पत्ता राहतो आणि थोड्या वेळाने तिकडून कॉल आला की संपलं. सेल्फवर किंवा मोड्यूलच्या पातळीवर धरून ठेवा, बास. नमपायचं (आकड्यांच्या ॲरेंची लायब्ररी) पण तसंच, (ए + बी).सीटाइप्स.डेटा असं लिहिलं तर बेरजेचा तात्पुरता ॲरे ती ओळ संपायच्या आत गेलेला असतो आणि हातात राहतो मेलेला पत्ता. बेरीज आधी नावात ठेवा, किंवा डेटा_ॲज वापरा, तो ॲरेला धरून ठेवतो.

स्वतः सीमध्ये एक्स्टेन्शन लिहीत असाल तर रेफरन्स काउंट, म्हणजे एखादं ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरलंय त्याचा आकडा, शून्य झाला की ते मरतं. पायलिस्ट_गेटआयटम उसना रेफरन्स देतं, म्हणजे तो तुमचा नाही, त्यावर पाय_डेक्रेफ (काउंट एकने कमी) केलं तर दुसऱ्याचा ऑब्जेक्ट मारला. पायऑब्जेक्ट_गेटॲट्र नवा देतं, तो तुम्हीच सोडायचा. पायटपल_सेटआयटम तर तुमच्याकडचा रेफरन्स स्वतःच घेऊन टाकतं, त्यानंतर परत डेक्रेफ नाही. नावावरून यातलं काही कळत नाही, प्रत्येक फंक्शनचं डॉक्युमेंटेशन उघडून बघायचं, कंटाळा आला तरी. आणि जुनं एक्स्टेन्शन ३.१२ वर आणल्यावर एखादा क्रॅश आपोआप गेला असेल तर हुरळून जाऊ नका, त्या आवृत्तीपासून नन, ट्रू, फॉल्स हे अमर केलेत, त्यांचा काउंट कितीही चुकला तरी ते मरत नाहीत, पण तीच चूक साध्या ऑब्जेक्टवर झाली तर मारणारच.

गिलचं थोडक्यात. सीने स्वतः बनवलेल्या थ्रेडमधून पायथनचं कुठलंही एपीआय बोलवायच्या आधी पायगिलस्टेट_एन्शुअर आणि नंतर पायगिलस्टेट_रिलीज. सीटाइप्सचे कॉलबॅक हे आपापलं करतात. पण सीडीएलएल (सीटाइप्समध्ये लायब्ररी उघडायचा नेहमीचा क्लास) कॉल करताना गिल सोडून देतो, त्यामुळे पायथनचं स्वतःचं सी एपीआय बोलवायचं असेल तर पायडीएलएल वापरावा लागतो, नाहीतर मधूनच कुठेतरी पडेल आणि डोकं फिरेल.

तिन्ही बघून झालं आणि तरी सापडत नाहीये, तर मग 'पायथन३ -एक्स डेव्ह' ने चालवा, ३.७ पासून आहे. फॉल्टहँडलर चालू होतोच, शिवाय मेमरीचे डीबग हुक बसतात जे गिल नसताना मेमरी मागितली तरी ओरडतात. हे हुक सोडून दिलेली मेमरी डीडी या बाइटने भरून टाकतात (३.८ पासून), त्यामुळे पॉइंटरमध्ये डीडीडीडीडीडी दिसलं की ती आधीच सोडलेली मेमरी आहे आणि कोणीतरी अजून वापरतोय, सीडीसीडीसीडी दिसलं तर घेतली पण भरलीच नाही.

त्याच्या वरचं हत्यार म्हणजे ॲड्रेस सॅनिटायझर, प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय. तुमची लायब्ररी -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस देऊन बनवा, आणि पायथन स्वतः तसं बनलेलं नसल्यामुळे लिबएसॅन (सॅनिटायझरची लायब्ररी) एलडी_प्रीलोडने आधी लोड करा, नाहीतर सुरूच होणार नाही. लीक शोधणं बंद ठेवा, पायथन बंद होताना बरंच काही तसंच सोडतं आणि रिपोर्टमध्ये नुसता कचरा येतो. हा प्रकार चूक झाली त्याच ओळीला पकडतो, पुढे कुठेतरी पडेपर्यंत थांबत नाही, आणि कोणी मेमरी घेतली, कोणी सोडली, दोन्ही स्टॅक देतो. परत कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड (आहे त्याच प्रोग्रॅमची मेमरी तपासणारं टूल), पण पायथनमॅलॉक=मॅलॉक करूनच, कारण पायथनचा स्वतःचा ॲलोकेटर मध्ये असला की व्हॅलग्रिंडला आतलं काही दिसत नाही. स्लो चालतं, चहा घेऊन या.

दोष नक्की कोणाच्या घरात हेच ठरत नसेल तर तेच फंक्शन तेवढ्याच इनपुटवर छोट्या सी मेनमधून चालवा, सॅनिटायझर लावून. तिथेही पडलं तर पायथनचा संबंध नाही, सरळ सीचा बग. तिथे स्वच्छ चाललं तर परत मधल्या कॉलकडे या.

आणि कोडला कोणी हात लावला नसताना, फक्त पॅकेज अपग्रेड केल्यावर क्रॅश सुरू झाला असेल तर वरचं काहीच करायच्या आधी आवृत्त्या बघा. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १.एक्सवर कंपाइल झालेली एक्स्टेन्शन त्याच्यावर चालत नाहीत, इम्पोर्टलाच इशारा येतो की क्रॅश होऊ शकतो. ते एक्स्टेन्शन २.० वर परत बनवा, तसं बनवलेलं १.एक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांवर पण चालतं, आणि सोर्स हातात नसेल तर तात्पुरतं रिक्वायरमेंट्समध्ये नमपाय २ च्या खाली पिन करून ठेवा.