जीवामृताला हवा कशी द्यावी?

चिकोडी-निपाणीकडे उसाला, खानापुरात भाताला जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ पाण्यात आंबवून केलेलं द्रावण, सोडणारे बरेच आहेत. शेण, गूळ सगळे मोजून घालतात. हवेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बॅरल घाण मारायला लागतं ते त्यामुळेच.

नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण ठाऊक असेलच: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, प्रत्येकी 2 किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. 200 लिटरच्या बॅरलात हे मावत नाही, आणि काठोकाठ भरलेलं ढवळता येत नाही. म्हणून पाणी 150 लिटर घ्या, बाकीचं पाऊणपट करा. वर वीतभर जागा राहू द्या, फेस वर येतो. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा.

आता हवा. 30 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. गुळावर वाढणारे जिवाणू तो झपाट्याने संपवतात. मग हवेशिवाय जगणारे जोर धरतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. जास्त गूळ घातला की प्राणवायू आणखी लवकर संपतो, तेव्हा तो मोह नको.

सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं ढवळा. काठी तळाला टेकवून गाळ उचला, मधोमध भोवरा पडू द्या, मग उलट्या दिशेने फिरवून तो मोडा. भोवरा मोडताना पाणी खळबळतं, तेव्हाच हवा चांगली मिसळते. काहीजण एकाच दिशेने फिरवायचा आग्रह धरतात. माझ्या मते तळ ढवळला जाणं महत्त्वाचं.

तोंडाला गोणपाट बांधा, घट्ट झाकण नको. बॅरल सावलीत ठेवा: पाणी तापलं की प्राणवायू कमी विरघळतो, आणि जिवाणूंची भूक वाढते. अथणीच्या उन्हाळ्यात दुपारीही एकदा ढवळा. वीज असेल तर मासे पाळायच्या टाकीचा छोटा पंप लावा, नळीच्या टोकाला बारीक छिद्रांचा दगड बसवून तळाशी सोडा. बुडबुडे जितके बारीक, तितकी हवा जास्त विरघळते. तरी काठी सोडू नका, गाळ पंपाने उचलला जात नाही.

दोन दिवसांत आंबूस वास आला की तयार. थंडीत तीन-चार दिवस लागतात. आठवड्याच्या आत वापरा. ठिबकला सोडण्याआधी कापडातून गाळा. पालेभाजीच्या पानांवर मात्र फवारू नका, शेणातले रोगजंतू ताटात येऊ शकतात.